फोन कुणाच्या खिशात आहे?

(खापरखेडा येथे तरुण मुलामुलींच्या बैठकीत एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



खुर्ची नको मला, उभ्यानेच बोलते. एकतीस वर्षं लेबर रूममध्ये उभीच होते. मी डॉक्टर नाही, सिस्टर होते. २०१९ ला निवृत्त झाले. आज विषय बाळंतपणाचा आहे म्हटल्यावर मागच्या दोन रांगांतली मुलं मोबाईल काढून बसली, ते मला दिसतंय. बसा तसेच. मी मोबाईलबद्दलच बोलणार आहे.

माझ्या बहिणीचा मुलगा इथे पॉवर हाऊसमध्ये ठेकेदाराकडे कामाला आहे. गेल्या वर्षी त्याची दुल्हन पोटुशी होती. पोरगी कामठीची, उर्दू शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. आशाताईने वेळेवर नोंदणी केली, माता आणि बाल संरक्षण कार्ड दिलं, कार्डावर मोबाईल नंबर लिहिला. कुणाचा? नवऱ्याचा. घरात फोन एकच होता असं नाही. पण फॉर्म भरताना नंबर म्हटलं की नवऱ्याचा सांगायचा, अशी आपली रीत.

चौथा महिना लागल्यावर दर आठवड्याला त्याच्या फोनवर एक कॉल यायला लागला. नंबर ०१२४ पासून सुरू होणारा. हा शिफ्टवर, कानावर यंत्रांचा आवाज. फोन उचलला की बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज. त्याने दोनदा ऐकला, अर्धा. तिसऱ्यांदा कापला. चौथ्यांदा ब्लॉक केला. मला म्हणाला, "खाला, गुडगावका नंबर था, मैं समझा लोनवाले हैं."

लोनवाले नव्हते. ते किलकारी होतं.

तुमच्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? दोन हात. ठीक आहे. किलकारी ही केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याची मोफत सेवा आहे. २०१६ च्या जानेवारीत काही राज्यांत सुरू झाली. आपल्या महाराष्ट्रात ती आली २०२४ च्या डिसेंबरमध्ये. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक कॉल, असे एकूण ७२. ज्या आठवड्यात जे घडतं त्या आठवड्याला तेच सांगतात. गोळ्या कोणत्या, पोटातलं बाळ किती हलायला पाहिजे, दवाखाना कधी ठरवायचा, कळा कशा ओळखायच्या, धोक्याच्या खुणा कोणत्या. कॉल हुकला तर १४४२३ वर फोन लावून तो पुन्हा ऐकता येतो. वाचता येण्याची गरज नाही, इंटरनेट लागत नाही, साधा बटणाचा फोन चालतो. आणि हे सगळं आमच्या घरात ब्लॉक लिस्टमध्ये पडून होतं.

नवव्या महिन्यात रात्री दोन वाजता तिला कळा सुरू झाल्या. कुठे न्यायचं हे ठरलेलंच नव्हतं. कुणी म्हणालं सावनेर, कुणी म्हणालं नागपूरला डागा, शेवटी ओळखीच्या ऑटोवाल्याने एका खासगी दवाखान्यात नेलं. पहाटे सिझर झालं. सही नवऱ्याची घेतली. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर ती मला हळूच विचारते, "खाला, मेरा सिझर क्यूं हुआ?"

मी तिचे कागद पाहिलेले नाहीत, म्हणून तिथे चुकीचं झालं असं मी म्हणणार नाही. कदाचित गरज असेलच. पण पोट जिचं कापलं, तिला तीन दिवसांनी दुसऱ्याला विचारावं लागलं. पैसे किती गेले ते मी सांगत नाही, माझा भाचा इथेच बसलाय. त्याला विचारून सांगतेय हे सगळं.

बाळंतपणात बाईला निवड असते, हे वाक्य आपल्याकडे ऐकलं की लोकांना वाटतं, घरी की दवाखान्यात, नॉर्मल की सिझर, एवढंच. ते तर आहेच. पण मी लेबर रूममध्ये जे पाहिलं त्यात निवडी लहान लहान असतात आणि त्या एकही बाईला माहीत नसतात. कळा सुरू असताना चालता येतं का? येतं. कुशीवर झोपता येतं का? येतं. पाणी पिता येतं का? जोखीम नसलेल्या बाईला पाणी, हलकं खाणं द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या शिफारशींत सांगितलंय. प्रत्येकीला खाली छेद देऊन टाके घालायलाच पाहिजेत का? नाही, सरसकट नको, हेही तिथेच आहे. आम्ही मात्र वर्षानुवर्षं पहिलटकरणीला सरसकट छेद दिले. मीही हातात कात्री घेऊन उभी होते. कुणी बाईने "का?" असं विचारलं असतं तर मला उत्तर शोधावं लागलं असतं. कुणी विचारलं नाही, कारण विचारता येतं हे कुणाला माहीत नव्हतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सोबत कुणी असू शकतं का? असू शकतं. केंद्र सरकारने २०१६ च्या फेब्रुवारीत सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. स्वतः बाळंतपणातून गेलेली घरातली बाई असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, पूर्ण वेळ थांबावं आणि डॉक्टर-सिस्टरच्या कामात मध्ये पडू नये, अशा अटी आहेत. जिथे आडोशाची नीट व्यवस्था आहे तिथे नवराही थांबू शकतो. प्रत्यक्षात जागा नाही, पडदा नाही म्हणून बऱ्याचदा नाही म्हणतात, ते मला माहीत आहे. म्हणूनच सातव्या महिन्यात तपासणीला गेल्यावर विचारायचं, "सिस्टर, माझी अम्मी आत थांबेल का?" कळा सुरू झाल्यावर दारात भांडून ते होत नाही.

आपण हजरत मरियमची गोष्ट सगळ्यांनी ऐकलीय. एकटी, खजुराच्या झाडाला टेकलेली, मरण आलं असतं तर बरं म्हणणारी. तिला आवाज येतो तो आधी काय सांगतो? दुःख करू नको, पाणी आहे, खजूर आहेत, खा, पी. लेबर रूममध्ये ओरडणाऱ्या बाईवर जेव्हा आमच्यातलीच कुणी खेकसायची, तेव्हा मला ही गोष्ट आठवायची आणि लाज वाटायची.

आता सिझरचं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत शंभरातली साधारण १४ बाळंतपणं सिझरने झाली, खासगी दवाखान्यांत ४७. महाराष्ट्राचा एकूण आकडा पंचवीसच्या थोडा वर आहे. सरकारी आणि खासगी दवाखान्यांतल्या बायकांच्या पोटांची रचना वेगळी नसते. अवघड केसेस कुठे जातात, पैसेवाले कुठे जातात, त्याचा फरक पडतो, मान्य. पण एवढा मोठा फरक तेवढ्याने समजत नाही.

पण याची दुसरी बाजू मी सांगितली नाही तर माझ्या नोकरीशी बेइमानी होईल. सिझर म्हणजे लुबाडणूकच, असं डोक्यात बसलेल्या घरांनी बाळाचे ठोके कमी होत असताना "अजून थोडं थांबू, नॉर्मल होईल" म्हणत दोन-दोन तास सही दिली नाही, असंही मी पाहिलंय. त्या दोन तासांत काय होतं ते मी इथे सांगत नाही. आणि सासवा म्हणतात, "सिझर झालं, सून नाजूक निघाली." बाई, सूनेचा त्यात काय संबंध? बाळ आडवं असेल तर पैलवानाची मुलगी असली तरी सिझरच.

म्हणून विचारायचं काय, तर कारण. "सिझर का? बाळाला काय होतंय? थांबलं तर काय होईल? आत्ता लगेच करायचं की तासभर पाहता येईल?" चांगला डॉक्टर याला दोन मिनिटांत उत्तर देतो. ज्याला वेळच नसतो तो खरोखर घाईत असतो, तेव्हा सही करायची आणि बाजूला व्हायचं. पहिलं सिझर झालं म्हणून दुसरं सिझरच, हेही प्रत्येक वेळी खरं नसतं. काही बायकांना मोठ्या दवाखान्यात, देखरेखीखाली नॉर्मल होता येतं. पण ते डॉक्टर ठरवतील कागद पाहून. म्हणून पहिल्या बाळंतपणाचे कागद जपून ठेवा. आपल्या घरात लग्नाची पत्रिका वीस वर्षं सांभाळतात आणि डिस्चार्ज कार्ड पुडी बांधायला जातं.

सही कुणाची, हा प्रश्न मला मुलींनी आधीच चिठ्ठीवर पाठवला होता. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे, समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. एक बाई तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होती, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिची गर्भपिशवी काढली. न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, जिवावरचं संकट नव्हतं, मग आईची संमती चालणार नाही. तिची स्वतःची पाहिजे होती. आई चालत नाही तर सासू कशी चालेल? नवऱ्याची सही दवाखाने घेतात, घेऊ द्या. पण सज्ञान बाई शुद्धीवर असेल तर सांगायचं तिला, विचारायचं तिला. आणि महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक खासगी दवाखान्याने रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायचं आहे. पुढच्या वेळी कुणाला भेटायला गेलात तर भिंत बघा.

आता आपल्या घरातलं एक. बाळंतपणानंतर लगेच कॉपर-टी बसवण्याची सोय सरकारी दवाखान्यांत आहे. सोय चांगली आहे, पण विचारून बसवायची, आणि विचारायची वेळ तपासणीच्या महिन्यांत. कळा देणाऱ्या बाईने 'हो' म्हटलं तर तो होकार नाही. मी नोकरीत होते तेव्हा मुसलमान बाई समोर आली की आमच्यातल्या काही जणी तिला त्याबद्दल सांगतच नसत. "तुमच्यात चालत नाही ना?" म्हणून पुढे. आणि खरं सांगते, कधीकधी मीही तसंच गृहीत धरलं, मी स्वतः मुसलमान असून. एकदा चार मुलांची आई मला म्हणाली, "सिस्टर, मला कुणी विचारलंच नाही." ती बाई मला अजून दिसते.

बाई डॉक्टरचंही तसंच. मागणी रास्त आहे. तपासणीच्या वेळीच विचारा की रात्रपाळीला कोण असतं. पण रात्री तीनला रक्त जात असेल आणि समोर पुरुष डॉक्टर असेल तर दारात चर्चा करायची नाही. जिवावर बेतलं की शरियतही वाट अडवत नाही. हे मौलवीसाहेबांनाही विचारा, तेही हेच सांगतील.

फोनवरून शिकवता येतं का, हे मी स्वतः करून पाहिलंय. २०२० चा लॉकडाऊन. मी नुकतीच घरी बसलेली. आजूबाजूच्या वस्तीतून, वलनी, सिल्लेवाड्याकडून फोन यायला लागले. तपासणी बंद, ऑटो बंद, आता काय करू? मी एका वहीत नावं लिहिली, अकरा झाली. दर दोन दिवसांनी एकेकीला फोन. सुरुवातीला प्रश्न गोळ्यांचे, सोनोग्राफीचे. मग एकीने विचारलं, "खालाजान, आपलं नाव ऐकून आत घेतील ना?" तुम्हाला आठवत असेल, त्या एप्रिलमध्ये टीव्हीवर आपल्याबद्दल काय चाललं होतं. मी तिला म्हटलं, घेतील, नाही घेतलं तर मला फोन लाव, मी बोलते. घेतलं तिला. नीट झालं. पण ती आठ दिवस ही भीती पोटात घेऊन बसली होती, आणि हा प्रश्न ती कुठल्याही रेकॉर्ड केलेल्या आवाजाला विचारू शकली नसती.

फोनची एक गंमत मला तेव्हा कळली. समोर बसलेली बाई सासूसमोर जे विचारत नाही ते फोनवर, गच्चीवर राख झाडायच्या निमित्ताने जाऊन विचारते. आमच्या खापरखेड्याच्या राखेचा एवढा एकच फायदा मी पाहिला.

मुंबईत डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये आरमान नावाची संस्था काढली. तिची एममित्र नावाची अशीच कॉलची सेवा आहे. तिथेही अडचण तीच, बायका हळूहळू कॉल घेणं सोडतात. मग गुगलच्या भारतातल्या संशोधकांबरोबर त्यांनी काम केलं. कोण बाई आता कॉल सोडणार, याचा अंदाज संगणकाने बांधायचा आणि तिला माणसाने फोन करायचा, "बाई, काय अडचण आहे?" जवळपास २३ हजार बायकांवर हे करून पाहिलं आणि सोडून जाण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं. संगणकाने नाव काढून दिलं. फोन माणसानेच केला. आपल्या गल्लीत तर संगणकाचीही गरज नाही. कुणाच्या घरी फोन कापला जातोय ते तुम्हाला माहीत आहे.

मोबाईलवरचं सगळंच ज्ञान मी चांगलं म्हणत नाही. २०१८ मध्ये तमिळनाडूत तिरुपूरला एका जोडप्याने व्हिडिओ बघून घरीच बाळंतपण केलं, बाई रक्तस्रावाने गेली. २०२५ च्या एप्रिलमध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात आपल्यातलीच एक बाई घरच्या बाळंतपणात गेली. पाचवं होतं, पोलिसांनी नवऱ्याला पकडलं. दोन घरं, दोन धर्म. घरी बाळंतपण निवडणं हा बाईचा हक्क आहे असं म्हणणारे व्हिडिओ मीही पाहिलेत. ज्या देशांत ते जमतं तिथे प्रशिक्षित दाई घरी येते आणि गाडी बाहेर उभी असते. आपल्याकडे बाळंतिणीचं रक्त थांबलं नाही तर हातात फार थोडा वेळ असतो. मी त्या थोड्या वेळात धावलेली आहे. घरी नको. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे. १०२ ला फोन करा. धोका वाटला तर १०८. रक्त जाणं, पाणी फुटणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, झटके, बाळाची हालचाल कमी होणं, यात सकाळची वाट बघायची नाही.

मुलांनो, आता मोबाईल हातात आहेच तर एक काम. घरात बहीण, भाभी, बायको पोटुशी असेल तर तिचं कार्ड काढा आणि नंबर बघा. तुमचा असेल तर आशाताईला किंवा एएनएम सिस्टरला सांगून तिचा करून घ्या. पाहणीप्रमाणे देशात निम्म्याहून थोड्याच जास्त बायकांकडे स्वतः वापरायचा फोन आहे, तेव्हा तिच्याकडे नसेलही. मग संध्याकाळी १४४२३ लावून फोन तिच्या हातात द्या आणि उठून जा, किंवा ती म्हणाली तर बसा. कॉल मराठीत असेल आणि तिला उर्दू जवळची असेल तर तुम्ही मराठी शाळेत शिकलात ना? सांगा तिला. लाज वाटते? मग बाप व्हायला कशी वाटली नाही?

हसू नका, खरं विचारतेय.

आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात. त्या दिवशी सोबत जा. बाहेर पानठेल्यावर नाही, आत.

माझ्या भाच्याने नंबर अनब्लॉक केला. मुलगी आता सात महिन्यांची आहे, कॉल अजून येतात, लसींचे, वरच्या खाण्याचे. सेकंड शिफ्टला जायच्या आधी तो जेवतो, दुल्हन स्पीकर लावते. परवा मी गेले तर तो म्हणतो, "खाला, सहा महिन्यांच्या आधी पाणीसुद्धा द्यायचं नसतं, अम्मीने दिलं होतं." माझी बहीण स्वयंपाकघरातून बघत होती. मी काही बोलले नाही.

चला, प्रश्न विचारा. आधी सगळ्यांसमोर, मुलांनीही विचारायचे. मग मी अर्धा तास त्या मागच्या खोलीत बसते, मुलींनी एकेकीने या. वही आणलीय, ज्यांना फोन हवा असेल त्यांनी नंबर लिहा. स्वतःचा.